बारापात्रे मॅडमचा राग

गेल्या आठवड्यात जुन्या कंपनीच्या ग्रुपवर आमच्या तेव्हाच्या वरिष्ठांचा, सरोदे साहेबांचा फोटो आला. अंगावर शाल, हातात काचेचं सन्मानचिन्ह आणि शेजारी नवजात बाळांना ऊब देणारं आमचं मशीन, ज्याला आम्ही वॉर्मर म्हणायचो. खाली ओळ होती: ग्रामीण भागातल्या विजेच्या लपंडावातही न थांबणारं यंत्र, सरोदे साहेबांच्या दूरदृष्टीचं फळ. त्याखाली अंगठे, फुलं, जोडलेले हात. मी फोन पालथा ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले.

दूरदृष्टी. या माणसाला समोरच्या भिंतीतला प्लग दिसला नव्हता. तो ज्या बाईनं दाखवला तिचं नाव त्या फोटोखाली नव्हतं आणि ग्रुपवरच्या कोणाला आठवलंही नाही. किंवा आठवलं आणि लिहिलं नाही, जे जास्त वाईट. म्हणून मी लिहिते आहे.

त्यांचं नाव कुसुम बारापात्रे. नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या आमच्या कंपनीत वॉर्मरचा प्रोग्राम त्या लिहायच्या. मी सर्व्हिसला होते. मशीन दवाखान्यात नेऊन बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची, लोकांच्या शिव्या ऐकायच्या. शिव्या ऐकून परत आले की त्या मॅडमपर्यंत पोचवणं हेही माझंच काम होतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्या खुर्चीवर मांडी घालून बसल्या होत्या. चपला टेबलाखाली, साडीवर पुरुषी फुल शर्ट. शेतावर, बांधकामावर बाया घालतात तसा. तापल्या सोल्डरचा थेंब साडीवर उडतो म्हणून, असं त्यांचं कारण. सरोदेंनी एकदा सुचवलं होतं की पाहुणे येतील तेव्हा तो शर्ट काढावा. त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "पाहुण्याईले सांगा, साडी माह्याच पगाराची आहे." तेव्हापासून पाहुणे आले की मॅडमच्या खोलीचं दार लोटलं जायचं.

मी म्हटलं, "मॅडम, एक मशीन कधीकधी सुरू होत नाही."

"कधीकधी म्हणजे कधी?"

"म्हणजे सहसा होतं, पण…"

त्यांनी हातातलं सगळं खाली ठेवलं. "नाव काय तुझं?"

"शुभांगी."

"शुभांगी, हा सहसा शब्द बाहेर ठेवून ये वं. दारापाशी ठेव. जातानी घेऊन जाजो."

मला रडू आलं असतं, पण पुढचा अर्धा तास त्यांनी मला जे विचारलं ते आजपर्यंत कोणी विचारलं नव्हतं. मशीन कोणत्या भिंतीजवळ होतं. त्याच बोर्डावर कूलर होता का. नर्सनं बटण दाबलं की आधीच दाबलेलं होतं. दिवे फडफडले होते का. मला निम्म्याची उत्तरं देता आली नाहीत. "मंग तू पाह्यलं काय तिथं? मशीनच पाह्यलं? मशीन त मले बी दिसते इथं," त्या म्हणाल्या. पुढच्या वेळी मी सगळं पाहून गेले. तेव्हा त्यांनी डब्यातली कोथिंबिरीची सांबारवडी माझ्यापुढे सरकवली.

त्या नागपूरच्या तांडापेठेतल्या. वडिलांचा हातमाग होता, तो बंद पडल्यावर वडील गिरणीत लागले. घरात त्यांनी इंजिनिअर व्हावं असं कोणालाच वाटत नव्हतं, एवढंच त्या सांगायच्या आणि विषय संपवायच्या. त्यांचे यजमान बँकेत होते. रोज सकाळी स्कूटरवर त्यांना कंपनीच्या बसपर्यंत सोडायचे. एकदा मी त्यांना भीत भीत विचारलं, घरीही मॅडम अशाच असतात का. ते म्हणाले, "घरी? घरी मी रागावतो. ती झोपते."

रागाबद्दल बोललं पाहिजे, कारण कंपनीत त्यांची ओळख तीच होती. पुण्याहून येणारे सल्लागार त्यांच्या भाषेवर हसायचे, त्यानं त्या कधी रागावल्या नाहीत. पगारावर, खुर्चीवर, केबिनवर नाही. त्या रागवायच्या 'चालून जाईल' म्हणणाऱ्यांवर. बाईचा स्वभावच तापट, असं म्हणून लोकांनी त्या रागाची सोय लावली होती. तापट म्हटलं की ती काय म्हणते ते ऐकायला नको.

मशीन जोडणाऱ्या बाया मात्र त्यांना भीत नव्हत्या. नवीन मॉडेल आलं तेव्हा मॅडमनी त्या सगळ्यांना बोलावून मशीनमधला सर्किट बोर्ड दाखवला. साहेब लोकांसाठी त्यांनी असं कधी केलं नव्हतं. मोठ्या काळ्या चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा प्रोसेसर. लोक याले डोकं म्हणतात. पण वीज गेली की हा सारंच विसरते. उठला की याले सोताचं नावबी आठवत नाही." मग शेजारच्या आठ पायांच्या इवल्या चिपवर बोट. "ही मेमरी. याच्यात माहा प्रोग्राम आहे. हा उठल्याबरोबर हिले विचारते, मी कोण, मले काय करायचं आहे? ही सांगते. एका तारेवरून, एकामागं एक, तुकडा तुकडा. म्हणून सीरियल म्हणतात. तेवढं सारं ऐकलं की मंग हा कामाले लागते. याले म्हणतात बूट होणं."

निर्मला नावाची एक जण म्हणाली, "आन् तिनं सांगतलंच नाही तं?"

"तं हा बसते तसाच. हीटर लागत नाही, घंटी वाजत नाही. काहीच होत नाही." मॅडमनी चिपवरचं बोट उचललं. "आन् वर लेकरू झोपून असते."

त्या बायांनी त्यानंतर ती चिप बसवताना केलेली काळजी मी पाहिली आहे. ते एक वाक्य त्यांना पुरलं होतं. सरोदेंना तेच वाक्य सभेत, मोठ्या टेबलावर, चहाबरोबर सांगूनही पुरलं नाही.

झालं असं की त्या सुमारास चिपांचा तुटवडा होता. नेहमीची मेमरी मिळेना आणि सरकारी ऑर्डर तर दारात उभी. खरेदी विभागानं दुसरी मेमरी शोधली. तोच आकार, तेच आठ पाय, तेवढीच जागा. टेबलावर लावली, बटण दाबलं, मशीन सुरू झालं. सगळे खूश. मग मॅडमनी केलं ते, जे त्या प्रत्येक मशीनला करायच्या. उठून भिंतीतला प्लग ओढला आणि लगेच परत खुपसला.

पडदा पांढरा झाला आणि तसाच राहिला. हिरवा दिवा मात्र जळत होता, कारण तो सरळ विजेवर होता, प्रोसेसरला विचारत नव्हता.

कारण त्यांनी त्याच दिवशी शोधलं. वीज पुरती गेली तर नवी मेमरी नीट झोपायची आणि नीट उठायची. पण वीज डोळा मिटून उघडावा इतकीच गेली, तर तिच्यात विजेचा थोडा दाब उरायचा. ती ना जागी, ना झोपलेली, मधेच अडकायची. प्रोसेसर उठून तिला विचारायचा आणि ती गप्प. प्रोग्राममध्ये काही बदलून उपयोग नव्हता, कारण प्रोग्राम तिच्याच पोटात अडकलेला. जुनी चिप एवढ्याशा झटक्यानं अडकत नव्हती.

सभेत मॅडमनी हे करून दाखवलं. मी तिथं होते, कारण दवाखान्यांतली वीज कशी जाते ते सांगायला त्यांनी मला नेलं होतं.

सरोदे म्हणाले, "मॅडम, असा प्लग सहसा कोणी काढत नाही."

मी डोळे मिटले.

"प्लग कोणी काढत नाही," मॅडम म्हणाल्या. "इन्व्हर्टर काढते. लाइन गेली आन् इन्व्हर्टर लागला, मधात एवढाच झटका असते. शुभांगी, सांग यांले किती दवाखान्यात इन्व्हर्टर आहे."

"जवळपास सगळीकडे," मी म्हटलं.

"ठीक आहे ना," सरोदे म्हणाले. "मग माहितीपुस्तकात एक ओळ टाका. पडदा पांढरा दिसल्यास बंद करावे, थोडे थांबून सुरू करावे. नर्स करेल."

"नर्सच्या हातात तवा दुसरं लेकरू असते. मले सर्किटची एक छोटी पट्टी लावू द्या. वीज लचकली की मेमरी पुरती रिकामी करते, मंग प्रोसेसरले उठवते. आन् प्रोसेसर नाहीच उठला तं भोंगा वाजवते. मले पंधरवडा द्या."

"पंधरवडा नाहीये."

"तं माही सही नाही भेटणार."

"नका करू," सरोदे हसून म्हणाले. "मी करतो." आणि त्यांनी केली. मशीनं ट्रकमध्ये चढली. त्यांतली कितीतरी मी माझ्या हातानं बसवली. प्रत्येक ठिकाणी मी नर्सना पांढऱ्या पडद्याबद्दल सांगत होते आणि प्रत्येक ठिकाणी माझा आवाज मला खोटा वाटत होता.

त्या हिवाळ्यात, पौषातल्या एका सकाळी, एका ग्रामीण रुग्णालयातून फोन आला. गाव सांगत नाही. अपुऱ्या दिवसांचं, कमी वजनाचं बाळ वॉर्मरवर होतं. लाइन गेली, इन्व्हर्टरनं लगेच उचललं. वॉर्डात वैशाली सिस्टर एकट्या होत्या आणि बाजूच्या खोलीत एक बाई अडलेली. सिस्टर तिकडे गेल्या. परत आल्या तेव्हा बाळ गार पडलं होतं आणि रडत नव्हतं. त्यांनी त्याला उचललं, आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून होती नव्हती ती सगळी पांघरुणं टाकली आणि डॉक्टरांना हाक मारली. बाळाला नागपूरला हलवलं. ते जगलं. आधी हे सांगून टाकते.

मी पोचले तेव्हा मशीन तसंच होतं. पांढरा पडदा, हिरवा दिवा. वैशाली सिस्टर माझा हात धरून एकच सांगत होत्या, "दिवा जळत होता हो. मी जाताना दिवा पाहून गेली. तुम्ही पाहा, आताही जळून राहिला." त्यांना तोपर्यंत कारणे दाखवा नोटीस मिळाली होती. मशीन बनवणाऱ्यांना नाही, सही करणाऱ्याला नाही. ज्या बाईनं बाळ वाचवलं, तिला.

कंपनीनं खुलासा तयार केला. त्यात म्हटलं होतं की सॉफ्टवेअरमधला किरकोळ दोष आणि परिचारिकेची हाताळणीतली चूक यामुळे प्रसंग उद्भवला. सॉफ्टवेअर म्हणजे मॅडम. मला वाटलं, आता स्फोट होणार. मॅडमनी कागद वाचला आणि एकच विचारलं, "या सिस्टरचं नाव काहून लिवलं यांनी?"

"आणि तुमचं?" मी म्हटलं.

"माहं लिवू दे. मले सवय आहे. पण तिनं काय केलं? दिवा आपण लावला. तिले खोटं आपण सांगतलं, आपल्या दिव्यानं. आन् आता तिलेच विचारून राहिले की तू खोट्यावर इसवास काहून ठेवला."

आवाज चढलेला नव्हता. त्यांना इतकं हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला त्यांच्या सगळ्या ओरडण्यापेक्षा त्याची भीती वाटली.

चौकशी त्या रुग्णालयातच होती. मॅडमला बोलावलं नव्हतं. सर्व्हिसवाली म्हणून मला बोलावलं होतं, आणि मॅडम माझ्या गाडीत पुढच्या सीटवर येऊन बसल्या. साडीवर तोच शर्ट. कळमेश्वर मागे पडलं तरी त्या पुढचा रस्ताच बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुह्या नोकरीवर येईल. उतरू का?" मी गाडी थांबवली नाही.

समितीवर दोन डॉक्टर आणि एक अधिकारी होते. प्रमुख होत्या त्यांतल्या वयस्क डॉक्टरबाई. सरोदे व्यवस्थित फाइल घेऊन आले होते. मॅडमला पाहून त्यांचा चेहरा उतरला, पण ते लगेच सावरले. "मॅडम आमच्याच आहेत. प्रोग्राम त्यांचाच आहे. त्यांना वाईट वाटलंय, साहजिक आहे."

"मले वाईट नाही वाटून राहिलं," मॅडम म्हणाल्या. "मले राग आला आहे."

मशीन कोपऱ्यात होतं. मॅडमनी ते सुरू केलं. पडदा उजळला, आकडे आले, वरचा हीटर तापू लागला. डॉक्टरबाईंना त्यांनी हीटरखाली हात धरायला लावला. मग प्लग ओढून लगेच खुपसला.

"आता दिवा पाहा," त्या म्हणाल्या. "आन् हात तिथंच ठेवा."

हिरवा दिवा जळत होता. डॉक्टरबाई हात तसाच धरून उभ्या राहिल्या, बराच वेळ. हीटर निवत गेला असणार, कारण त्यांनी हळूहळू हात वर नेला आणि शेवटी हीटरलाच लावला.

सरोदे म्हणाले, "हे मॅडम मुद्दाम करताहेत."

"हो, मुद्दाम. मी मुद्दाम केलं म्हणून तुमाले दिसलं. त्या दिवशी विजेनं केलं, तवा पाहाले कोणी नव्हतं. ही बाई होती, ती दुसऱ्या बाईचं बाळंतपण करून राहिली होती." त्या वैशाली सिस्टरकडे वळल्या. "सिस्टर, तुमची चूक नाही. हे मी यांच्या समोर सांगून राहिली. मशीन माह्या हातचं आहे, मले ठाऊक आहे."

दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरनी तोंडाला पदर लावला. डॉक्टरबाईंनी फाइल मिटली आणि सरोदेंना विचारलं, "तुम्हाला हे आधी माहीत होतं का?" सरोदे म्हणाले की तांत्रिक बाबी बऱ्याच गुंतागुंतीच्या असतात.

सिस्टरची नोटीस मागे घेतली गेली. सगळ्या मशीनना दुरुस्ती करून देण्याचा आदेश निघाला. मॅडमची पट्टी, जी आधी परवडत नव्हती, ती आता एकाएकी परवडली. निर्मला आणि बाकीच्या बायांनी ती जोडली, मी गावोगाव फिरून बसवली. आणि सरोदेंनी तिला 'सुधारित आवृत्ती' असं नाव दिलं. एवढंच त्यांचं योगदान. नाव देण्याचं.

शिक्षा सरोदेंना झाली नाही, मॅडमला झाली. त्यांना मशीनपासून काढून माहितीपुस्तकं तपासायला बसवलं. आमच्या कंपनीत ते म्हाताऱ्या बैलाला गोठ्यात बांधण्यासारखं होतं. त्यांनी पुस्तक उघडलं, पांढऱ्या पडद्याची ती ओळ खोडली आणि राजीनामा दिला.

निरोप समारंभ मात्र कंपनीनं केला. फोटो हवा होता. सरोदेंनी शाल पुढे केली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हे राहू द्या, नारळ द्या." नारळ घेऊन त्या खोलीबाहेर गेल्या, जोडणी विभागाच्या पायरीवर फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे निर्मलाच्या, बाकीच्या बायांच्या हातावर ठेवत गेल्या. आत फोटोवाला थांबलेला. शेवटी सरोदेंनी एकट्यांचाच काढून घेतला असावा. त्यांना तशी सवय आहेच.

एक मशीन दुरुस्तीतून सुटलं होतं. कोणी ते एका दवाखान्यातून दुसऱ्याला दिलं होतं आणि पत्ता लागत नव्हता. सरोदे म्हणाले, भंगारात गेलं असेल, विषय बंद करा. मी चिडून मॅडमला फोन केला. करायचं काही नव्हतं, नुसतं बोलायचं होतं. दोन-चार दिवसांनी त्यांचाच फोन. वैशाली सिस्टरनी ओळखीच्या सिस्टरना विचारत विचारत ते शोधलं होतं. काटोलकडच्या एका आरोग्य केंद्रात चालू होतं, रोज वापरात.

आम्ही दोघी एसटीनं गेलो. मी रजा टाकून, त्या तर आता कंपनीच्या कोणीच नव्हत्या. खिडकीखाली फरशीवर बसून त्यांनी पट्टी लावली. एक आजी नातवाला मांडीवर घेऊन बघत होती. "बिघडलं होतं का बाई?" तिनं विचारलं. मॅडम म्हणाल्या, "नाही आजी. बिघडाच्या आधी आलो." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या समाधानी वगैरे दिसत नव्हत्या. घाम पुसून म्हणाल्या, "हे मशीन निघालं त्याच दिवशी लावाले पाहिजे होती. या कामाचं कौतुक करू नको कोणाजवळ."

परतीला त्यांना काटोलला बहिणीकडे जायचं होतं, मला नागपूरला. त्यांची बस आधी आली. त्या चढल्या, मी खाली उभी. मागच्या बाजूला, संकटकाळी बाहेर पडायचा जो दरवाजा असतो, तो तारेनं करकचून बांधलेला होता. काचेतून मला दिसलं की मॅडम बसल्याच नाहीत. त्या तारेवर बोट ठेवून उभ्या राहिल्या. कंडक्टर आला, काहीतरी म्हणाला, पुढे हात दाखवला. मॅडम हलल्या नाहीत. काय बोलत होत्या ते मला ऐकू येत नव्हतं. बस सुटली तेव्हा कंडक्टर वाकून ती तार सोडवत होता आणि त्या कमरेवर हात ठेवून बघत होत्या.